तेविसावी बाटली

आई,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, येत्या शुक्रवारी माझा वाढदिवस, यंदा बेकरीचा केक नको, आईचा थरांचा केक कर.

२. आता पावसाळा संपत आला, घरचा रस कुठून आणू, असं मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या कपाटातून, स्वेटरच्या मागून, एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. बुचाला गंज, चिकटपट्टीवर तुझं अक्षर. एकच शब्द: केक.

३. तू शेवटच्या मे महिन्यात आमरसाच्या तेवीस बाटल्या भरल्या होत्यास, त्यातली ही एक. उरलेल्या बावीस मी मोरीत ओतल्या होत्या. त्याला दहा वर्षं झाली.

४. त्याच दुपारी मी बाटली कारखान्याच्या लॅबमध्ये नेली आणि बाबांना न विचारता उघडली.

५. आज बुधवार. तपासणीचा निकाल आला आहे.

तू असतीस तर म्हणाली असतीस, हे काय गो, पत्र लिहितेस की पंचनामा. पण मला असंच लिहिता येतं. मी फळांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. हापूसचा रस डब्यात जायच्या आधी माझी सही लागते. दिवसभर गोडी मोजायची, आंबटपणा मोजायचा, काचेच्या बशीत नमुना पसरून काही उगवतंय का ते पाहायचं. उगवलं नाही तर माल पुढे जातो. नऊ तासांत दहा वाक्यं बोलावी लागतात, आणि ते मला सोयीचं आहे.

तुझी वही माझ्याकडे आहे. केकचं पान तुपाने पारदर्शक झालंय. वर 'सोपा केक' आणि खाली कंसात 'केळशीची मावशी' एवढंच. एक वाटी रवा, एक वाटी मैदा, एक वाटी साखर, दही, तूप, खायचा सोडा. ताटली एकच, म्हणून तीन केक एकामागून एक भाजायचे आणि एकावर एक रचायचे. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण. वाळू आरे-वारेच्या किनाऱ्याची, तीन पाण्यांनी धुऊन उन्हात वाळवलेली, कारण खारट वाळू तापली की केकला वास लागतो असं तुझं म्हणणं. किती मिनिटं ते लिहिलेलं नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना घड्याळ घेऊन ओट्याशी उभी राहिले होते. पहिल्या थराला बावीस मिनिटं, दुसऱ्याला एकोणीस, तिसऱ्याला सतरा. मी तुला विचारते, असं कसं, प्रत्येक वेळी वेगळं? तू झाकण न उघडता नुसतं नाक पुढे करतेस आणि म्हणतेस, "वाळू तापत जाते ना गो. मी नाही तापत." मग स्वतःच हसतेस. शेवटच्या ओळीत रस आहे: 'आटवलेला रस, थर भिजेपर्यंत. बुडेपर्यंत नाही.' माप नाही.

त्या मे महिन्यात मी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आले होते, म्हणून बाटल्या भरताना मी होते. मागल्या दारी चूल, मोठं पातेलं, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या. बूच दाबायचं यंत्र शेजारच्या काकूंकडून आणलेलं. रसात तू दोन लिंबं पिळलीस. कशाला, असं मी विचारलं. "रंग राहतो. माझी आई पिळायची." तेवीस भरल्या म्हणून तू बाबांना दोनदा सांगितलंस. ऑगस्टातला माझा वाढदिवस असो की सप्टेंबरातला बाबांचा, आमच्या घरी केकला आंब्याचा वास यायचा तो या बाटल्यांमुळे.

जुलैत मी हॉस्टेलवरून दोन दिवसांसाठी आले. आठवड्यापूर्वी आम्हाला हवाबंद पदार्थांमधल्या विषबाधेचा धडा शिकवला होता. घरात नुसतं उकळून बंद केलेल्या बाटलीत काय वाढू शकतं, त्याला वास नसतो, चव नसते, आणि माणूस कसा जातो, हे सगळं. काकू बाटली न्यायला आल्या होत्या. तू ती फडक्यात गुंडाळत होतीस. मी म्हणाले, "काकू, नेऊ नका. याने माणूस मरू शकतो."

काकू म्हणाल्या, "अगो, मग गेली वीस वर्षं हा रस खाऊन तुमच्या दारात रोज भूत येतंय म्हण की!"

मी हसले नाही. मी त्यांना जीवाणूचं पूर्ण नाव सांगितलं. तू पण हसली नाहीस. काकूंकडे बघून तू म्हणालीस, "ती शिकतेय ना. तिला कळतं." आणि फडकं परत सोडलंस. काकू रिकाम्या हाताने गेल्या.

मग मी मोरीशी बसले आणि तू कपाटातून एकेक बाटली आणून, पुसून, माझ्या हातात देत राहिलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडली असतीस तर मी थांबले असते की नाही, हे मी अनेकदा तपासून पाहिलंय, निश्चित उत्तर मिळत नाही. घरभर वास सुटला होता. दोन दिवस मोरीत मुंग्या होत्या. मी बावीस मोजल्या. तू मे महिन्यात तेवीस म्हणाली होतीस हे मला आठवत होतं, पण कुणाला तरी दिली असेल म्हणून सोडून दिलं. रिकाम्या बाटल्या तू धुऊन उन्हात पालथ्या घातल्यास. पुन्हा कधी भरल्या नाहीस. तसा पुढचा मे आलाच नाही.

ऑगस्टमध्ये माझा वाढदिवस. तू बेकरीतून गुलाबी क्रीमचा केक आणलास, वर माझं नाव. सुरी माझ्या हातात देताना विचारलंस, "हा तपासलेला असेल ना गो?" ते तू टोचून विचारलंस की खरंच विचारलंस, मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणाले, "हो, त्यांना लायसन्स असतं." तू मान हलवलीस आणि स्वतः एक लहानसा तुकडा घेतलास. ऑक्टोबरात तुला ताप आला. चौथ्या दिवशी तू गेलीस. दवाखान्यातला तुझा तक्ता मी दर तासाला वाचत होते. सगळे आकडे मला समजत होते.

जानेवारीत वर्गात शिकवलं की आंबट पदार्थात ते विष तयार होत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा आंबट असलं की नुसतं उकळणं पुरतं. हापूसचा रस बहुधा तेवढा आंबट असतो, आणि लिंबू पिळलं तर नक्कीच. मी ते वहीत उतरवून घेतलं. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, रडतेस का? मी म्हणाले, सर्दी.

आता परवाच्या शनिवारच्या संध्याकाळचं. मी कारखान्यातून आले तर बाबा पायरीवर बसले होते. बाटली कुठाय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, लॅबच्या फ्रीजरमध्ये.

"उघडलीस?"

"नमुना घेतल्याशिवाय कळत नाही बाबा. दहा वर्षांचा रस तुम्हाला तसाच कसा खायला घालू?"

बाटली बंद होती तोवर तुझा हात लागलेलं, अजून कुणी न उघडलेलं असं काहीतरी या घरात होतं. हे मला बूच उडालं त्या क्षणी कळलं. त्याआधी कळलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "बरं झालं. तिला तेच हवं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मोरीत बाटल्या ओतायला सुरुवात करण्याआधी तू आतल्या खोलीत गेलीस आणि एक बाटली त्यांच्या हातात दिलीस. म्हणालीस, "अहो, ही तुमच्या कपड्यांत ठेवा. पोरीचं शिक्षण पुरं झालं की तिच्याकडूनच तपासून घेईन. ती बरी आहे म्हणाली तर केक करीन."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस. आणि खराब निघाली असती तर? आता माझं वय झालं गो. माझ्यानंतर स्वेटर काढताना सापडली असती, तर तू काय समजली असतीस?"

तेव्हा हा निकाल. तो बाबांना सांगायच्या आधी तुला, कारण नमुना तुझा आहे. गोडी योग्य. आंबटपणा सुरक्षित मर्यादेच्या बराच आत. बशा आज सकाळी पाहिल्या, काही उगवलेलं नाही. रंग तपकिरी झालाय, लिंबू पिळूनही. बशा पाहून झाल्यावर अर्धा चमचा चाखला, तो नियमात बसत नाही. वास जवळजवळ गेला आहे. गोडी आहे, आणि शेवटी, जिभेच्या मागे, किंचित लिंबू. शेरा: खाण्यास योग्य. खाली माझी सही आहे.

तपासणीसाठी गेला तो वगळून दीड वाटी रस उरतो. आटवला की पाऊण वाटी. तीन थर त्यात जेमतेम भिजतील, बुडणार तर नाहीतच. एकदा वितळवला की परत गोठवता येत नाही. बाबांना आधीच विचारलं होतं, निकाल चांगला आला तर घालू का? ते म्हणाले, "तू ठरव." मला ठरवता येत नाही. घातला तर शुक्रवारी संध्याकाळी तो संपेल. नाही घातला तर तू ज्यासाठी ठेवलास ते झालंच नाही.

हे पत्र वहीत, सोप्या केकच्या पानात ठेवते. दुसरीकडे कुठे टाकणार.

एक दुरुस्ती करायची आहे. आंबट पदार्थांचा नियम जानेवारीत शिकवला असं वर लिहिलंय, आणि बाबांना, काकूंनाही मी तसंच सांगत आले. वर्गात शिकवला जानेवारीतच. पण पुस्तकात तो त्याच धड्यात होता, पुढच्या पानावर. जुलैत मी ते पान उलटलं नव्हतं. आणि आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी त्या दिवशी माझ्या सॅकमध्ये होती.

वाळू धुऊन वाळत घातली आहे. थर रात्रभर मुरायला हवेत, म्हणून रस आटवायला उद्याच घ्यावा लागेल. घालू की नको, ते गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.