माझ्या ओळखीचं एक कुटुंब

रविवार, १७ जानेवारी २०१०

बंद केला टीव्ही! रिमोट असा आपटला की बॅटऱ्या सोफ्याखाली गेल्या. प्रताप म्हणतो, "अगं, सिरियल आहे." सिरियल आहे म्हणून काय झालं? आजवरचे सगळे भाग बघितले मी. बायका पळवणारे, विकणारे, गळे कापणारे – सगळे अल्बेनियन. त्यांना नावंसुद्धा नाहीत. 'द अल्बेनियन्स' म्हटलं की झालं. लेदर जॅकेट, वाढलेली दाढी. एकालाही आई नाही, गुडघेदुखी नाही, ऑफिसला जायची घाई नाही.

अर्बेनला आई आहे. द्रिताबाई. कोसोवोतले अल्बेनियन ते. तिथे शाळेत गणित शिकवायच्या. नवरा लढाईत गेला. नव्व्याण्णव साली निर्वासितांच्या विमानातून पोराला घेऊन कॅनडात आल्या, आता घरातच डे-केअर चालवतात. पोरगा फिजिओथेरपिस्ट झाला. आमच्या रुचाने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय. मला आवडतो तो. पहिल्यांदा रिचमंड हिलला आमच्याकडे आला तेव्हा आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, मग बेल वाजवली.

आणि उद्या ऑफिसात सगळे ह्याच सिरियलबद्दल बोलणार.

सोमवार, १८ जानेवारी

बोललेच. लंचरूममध्ये मी मुद्दाम सांगितलं, माझा होणारा जावई अल्बेनियन आहे. एक शहाणा हसून म्हणाला, "चेक हिज बेसमेंट!" सगळे हसले. मीही हसले. त्याचाच जास्त राग येतोय!

शनिवार, २३ जानेवारी

शोभाकडे हळदीकुंकू. एका हाताने माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणते कशी, "सुनेत्रा, नीट चौकशी केलीस ना गं? त्यांच्यात माफिया असतो म्हणे. बॅकग्राउंड चेक करून घे. रुचा इज सो इनोसन्ट."

हीच शोभा! तिच्या नवऱ्याला, गुरुदत्तला, बॉर्डरवर नुसत्या दाढीवरून बाजूला काढलं होतं, तेव्हा माझ्याच किचनमध्ये बसून रडली होती. "आपण काय टेररिस्ट दिसतो का गं?" तेव्हा मी म्हटलं नाही, चौकशी करून घेते म्हणून.

वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले. तिथेच विसरून आले. मुद्दाम.

रविवार, २४ जानेवारी

पेपरला पत्र लिहिलं. बाबांची लेक आहे शेवटी! सदाशिव पेठेत बसून बाबांनी आयुष्यभर 'वाचकांचा पत्रव्यवहार' हलवून सोडला – तुंबलेलं गटार, बसथांब्याचं छप्पर, काही सोडलं नाही. काही बिनसलं की शाईची दौत पुढे ओढायचे. छापून आलं की पेठेतले लोक थांबवून बोलायचे.

प्रतापला वाचून दाखवलं. म्हणाला, "छान आहे, पण आपलं नाव नको टाकूस." निनावी पत्र? बाबांनी घरात घेतलं नसतं मला. नाव, गाव, सगळं टाकलं आणि ईमेल केलं.

गुरुवार, २८ जानेवारी

छापून आलं!! पहिल्याच फटक्यात! प्रतापने गाडीत गॅस भरायला थांबून तिथले उरलेले सगळे पेपर उचलून आणले. बहिणीला पुण्याला स्कॅन पाठवला. इंग्रजीत फार झोकदार झालंय. मराठीत असं काहीसं – 'माझ्या ओळखीचं एक अल्बेनियन कुटुंब आहे. माणसं प्रामाणिक आहेत. कष्टाळू आहेत. घर आरशासारखं स्वच्छ. आई विधवा असून तिने मुलाला वाया जाऊ दिलं नाही. त्यांचा मुलगा उन्हाळ्यात माझा जावई होणार आहे, आणि मला त्याची मुळीच भीती वाटत नाही.'

बाबा असते तर!

शुक्रवार, २९ जानेवारी

रुचाचा फोन नाही. एवढी काय बिझी?

रविवार, ३१ जानेवारी

रुचा येऊन गेली. कोट न काढता भांडली. "यू हॅड नो राइट, आई! 'घर आरशासारखं स्वच्छ' – लाइक, काय अपेक्षा होती तुझी? अँड 'वाया जाऊ दिलं नाही'? शी टॉट मॅथ!"

मी म्हटलं, अगं, मी त्यांची बाजू घेतली! ज्या देशात कोणी त्यांच्या बाजूने शब्द काढत नाही, तिथे मी काढला! तर म्हणे, "नोबडी आस्क्ड यू."

दार आपटून गेली. चार दिवस टेबलावर ठेवलेला पेपर शेवटी प्रतापने गुपचूप उचलला.

रविवार, ७ फेब्रुवारी

आज द्रिताबाई यायच्या होत्या. महिन्यापूर्वी ठरलं होतं – त्या आणि त्यांचे थोरले भाऊ. आले नाहीत. सकाळी अर्बेनचा फोन, "मॉम इज नॉट फीलिंग वेल, आंटी." आवाजावरून कळतंच ना.

केशर घालून शिरा केला होता. प्रताप आणि मी समोरासमोर बसून खाल्ला. प्रताप म्हणाला, "लग्न मोडतंय का गं हे?" मी उठून उरलेला शिरा फ्रीजमध्ये ठेवला.

रविवार, २१ फेब्रुवारी

अर्बेन एकटा आला. बिचारा. चहाचा कप हातात नुसता फिरवत बसला. मग बोलला. त्यांच्याकडे मुलाची आई आणि मामा मुलीच्या घरी येऊन रीतसर मागणी घालतात, शब्द देतात. तोवर दोन्ही घरं तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. त्या दिवशी त्यासाठीच यायचे होते ते! आणि त्याआधी सगळ्या टोरांटोने वाचलं. मामाने त्याच्या आईला फोन करून विचारलं, तू मला न सांगता शब्द देऊन आलीस का?

"शी सेज, मी चोर नाही हे सांगायला ह्या बाईला कोणी बोलावलं होतं? मी काय तिच्याकडे दाखला मागितला होता?"

वा! म्हणजे चांगलं बोलले तरी मीच वाईट! सिरियल काढणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही, आणि मी मात्र गुन्हेगार! 'शब्द', 'मामा' – मला कोणी सांगितलं होतं? रुचाला माहीत होतं का? अर्बेन गेल्यावर भांडी इतकी आपटली की प्रताप वर निघून गेला.

मनात एक विचार येतो आणि मी तो ढकलते. पुण्यात कोणी असं छापलं असतं, की सुनेत्राच्या वडिलांचं घर स्वच्छ आहे हो – तर बाबांनी काय केलं असतं?

रविवार, ७ मार्च

आज टीव्हीवर आमची पाळी! परदेशी डॉक्युमेंटरी – 'इंडियाज ब्राइड्स'. तासभर हुंडा, रॉकेल, जळालेले हात. खोटं नाही त्यातलं काही. पण तासाभरात एक साधा नवरा नाही, जो भांडी आपटणाऱ्या बायकोला बघून निमूट वर जातो!

सोमवार, ८ मार्च

लंचरूम. "सुनेत्रा, डिड युअर हजबंड्स फॅमिली एव्हर...?" अतिशय हळुवार आवाजात. डोळ्यांत कणव. चेक हिज बेसमेंट परवडलं!

शनिवार, १३ मार्च

सकाळी प्रतापने पेपर आणून समोर ठेवला. वाचकांची पत्रं. खाली नाव – द्रिताबाईंचं.

'माझ्या ओळखीचं एक भारतीय कुटुंब आहे. माणसं प्रामाणिक आहेत. कष्टाळू आहेत. घर आरशासारखं स्वच्छ. त्यांनी आजवर कोणालाही जाळलेलं नाही –'

अंगाची आग आग झाली! घर स्वच्छ? कोणालाही जाळलेलं नाही? ह्या बाईला कोणी विचारलं होतं... पेपर टेबलावर आपटला. मग खाली बसले. पेपर पुन्हा जवळ ओढला. मग उरलेलं वाचलं.

'त्यांची मुलगी ऑगस्टमध्ये माझी सून होणार आहे. हे खरं तर मी माझ्या भावाला घेऊन, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. पण त्यांच्याकडे अशा गोष्टी आधी पेपरात सांगायची पद्धत आहे. उद्या दुपारी आम्ही येतो.'

प्रतापला म्हटलं, रवा काढ.