शेवटची दहा मिनिटं

पप्पा, तुमचं चुकलंच. तुम्ही असतात तर तोंडावर बोललो असतो, आणि तुम्ही म्हणाला असतात, शाळेत टिकला नाहीस, मला शिकवतोस. पण कल्याणच्या टॉकीजमध्ये तुम्ही डोअरकीपर. दारं उघडायला आत जायचात ते पिक्चर संपता संपता. शेवटची दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. तेव्हा लागलेल्या एका पिक्चरच्या त्या दहा मिनिटांत डोक्यावर परिणाम झालेली बाई नवऱ्याच्या मिठीत रडते आणि बरी होते. तुम्हाला ते खरं वाटलं. आईच्या डोक्याच्या गोळ्या बंद केल्यात. म्हणालात, "आपली माया आहे ना, गोळ्या कशाला?"

दोन महिन्यांत आई ठाकुर्लीच्या चाळीत एकेक दार ठोठावत फिरतेय, नळातून कोणीतरी बोलतंय म्हणून. लोक हसतायत. तुम्ही नाही हसलात. रिक्षात बसवून तिला परत डॉक्टरांकडे नेलंत, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्युटीला निघायच्या आधी गोळी तिच्या हातावर ठेवून ती गिळेपर्यंत समोर बसायचात. चुकलो असं कधी बोलला नाहीत. ती तोंड वाकडं करायची तेव्हा फक्त म्हणायचात, "घे गं. आपला पिक्चर मोठा आहे." मग ती हसायची आणि घ्यायची.

तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलेलं, आता सगळं संपलं. पण ती स्वतःच घेते गोळी, एक दिवस चुकवत नाही. मी इथे मस्कतला एसीचे डक्ट बसवतो, एका जागी मन लागत नाही, पण शुक्रवारी फोन करतोच. विचारतो, बरी झालीस का गं? ती म्हणते, "बरी झाले नाही रे. बरी आहे. रोज विचार." यातला फरक मला आत्ता आत्ता कळायला लागलाय.

मागच्या शुक्रवारी रूमवर पोरांनी पिक्चर लावलेला. केस मोकळे सोडलेली एक बाई खिदळत भिंतीवर डोकं आपटते. सगळे हसले. मीपण हसलो, पप्पा. आईला हे सांगता येणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण हा कागद कुठेच जाणार नाहीये.

काल आईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं. मावशीबरोबर पिक्चरला जायचंय. म्हणाली, "सुरुवातीपासून बघणार, तुझ्या पप्पांसारखं नाही." गोळ्यांचे पैसे महिन्याला जातातच, हे वेगळे. दोन तिकिटं, समोसे, जाण्यायेण्याची रिक्षा. आठशे रुपये पाठवतोय.