दोनशे चाळीसचे साठ

वर्धा,
१४ ऑक्टोबर २०२४

ताई,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही बरे आहोत. आईचा चष्मा बदलला, आता पेपर वाचते. कपाशी वेचायला बाया मिळाल्या का?

भाऊजींच्या जलदानविधीला आलो, जेवलो, परतलो. रडू आलं नाही. अजूनही येत नाही. मेडिकल कॉलेजात जातो, आकडे भरतो, चहा पितो.

निघताना तू विचारलंस, "त्याहिले फरक पडून राह्यला होता ना, मंग औषध काऊन बंद केलं?" मी म्हणालो, "अभ्यासात फरक दिसला नाई, ताई." अहवालात तसंच छापलंय, म्हणून तेच तोंडातून गेलं.

भाऊजींना होता त्या सिकलसेलच्या दुखण्यावर ती औषधाची पुडी चालते का, हे तपासायला माणसं किती लागतील ते काढणं माझं काम. दुखण्याचे दिवस पावभागाने कमी होतील असं धरलं, तर दोनशे चाळीस लागत होती. आमच्या विभागाचे मोठे सर म्हणाले, "इतके पेशंट कुठून आणतं बावा? साठ भेटतीन. साठात बसव." आमच्याकडे असंच चालतं, आधी उत्तर ठरतं आणि मग गणित. गुण मोठा धरला की माणसं कमी पुरतात, म्हणून दुखणं निम्म्याने कमी होईल असं मी लिहिलं. उत्तर साठ आलं. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीने सही केली.

मोठ्या भोकांचं जाळं टाकून नदीत मासोळ्याच नाहीत म्हणावं, तसं ते काम. पुडीचा गुण पावभागाचाच असेल, तर साठ माणसांत तो दहापैकी सात वेळा हुकणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तो दिसला नाही. पुडी बंद झाली आणि चार महिन्यांनी भाऊजी गेले.

एकोणसाठ झाले होते. एक कमी पडत होता, म्हणून मीच तुला फोन केला, "भाऊजींले पाठवजो." निम्म्यांना खरी पुडी होती, निम्म्यांना नुसती साखर. कुणाला काय दिलं ती यादी शेवटी उघडली तेव्हा कळलं, भाऊजींना खरी होती. पुडी सुरू झाल्यापासून ते वर्षभर शेतात जातात, असं तू सांगायचीस. एका माणसावरून काही कळत नसतं, असं मी म्हणायचो.

पुडी चालू राहिली असती तर ते वाचले असते का? मला माहीत नाही, ताई. ते कळायची एक वाट होती, ती मी बुजवली.

हे सगळं समितीलाही सहीनिशी लिहून दिलं आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण कुणी विचारलं, तर औषधात दम नव्हता असं सांगू नकोस.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
अश्विन