कापडाखालचा रेडिओ

लंडन, मंगळवार

प्रिय आई,

मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते. इथल्या वाऱ्याला मिठाची चव नाही, एवढंच. शेजारच्या आंगसची बोट दुरुस्त झाली का? दलदलीतून कापून आणलेलं पीटचं जळण वाळलं का?

अकरा वर्षं रेडिओवर पाककृती आणि विणकाम सांगितल्यावर मला संध्याकाळच्या मुख्य बातम्या वाचायचं काम मिळालं. आधी साहेब म्हणाले, "बाईच्या तोंडी सूप शोभतं, डोलिना. बातमी लोक हसण्यावारी नेतील."

मी म्हटलं, "आमच्या बेटाजवळ बोट बुडाली, तेव्हा ती बातमी माझ्या आईने दारोदार सांगितली. कुणी हसलं नव्हतं, साहेब."

मग त्यांनी मला बातम्यांसाठी आठवड्यातला एक वार दिला. रविवार.

मला ठाऊक आहे, शनिवारी रात्री तू रेडिओवर टाकलेलं कापड सोमवारीच निघतं. रविवारी, प्रभूच्या दिवशी, आपल्याकडे रेडिओ लावणं पाप; तो लाव, असं मी म्हणणार नाही. शिवाय शेजारची पेगी मावशी भिंतीला कान लावूनच असते.

एवढंच कर. रविवारी सहा वाजता बायबल घेऊन बंद रेडिओशेजारी खुर्ची ओढून बस. कापड राहू दे. मी इथून तुलाच वाचून दाखवीन.

तुझी,
डोलिना