खारफुटीतली हाक

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. तू येते आहेस हे वाचून दोनदा चष्मा पुसला. अभयारण्यातली नोकरी सुटून वर्षं झाली, तरी खाडीकाठचं हे घर मला अजून सांभाळून घेतं. पाणपक्षी यंदाही उतरलेत. संध्याकाळी बांधावरून फिरताना शाळेतल्या कविता म्हणतो. चाल पक्की आहे, शब्द मात्र दातांसारखे एकेक करून पडताहेत.

तुला आठवतं? मी चिखलात उतरून घरटी बघत बसायचो आणि भरती लागली की तुझी आई बांधावरून ओरडायची, "अहो कवी, पाणी चढतंय, या आता!" मला कवी म्हणणारं दुसरं कोणी नव्हतंच. तीही टोमणाच मारायची म्हणा.

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे याच, ती हाक पुन्हा आली. "अहो कवी, या आता!" मधलं 'पाणी चढतंय' तेवढं गाळून. आणि बांधावरून नाही. आतून, खारफुटीच्या दाट झाडीतून. मी गेलो. चिखल आधी गुडघाभर, मग मांड्यांपर्यंत. हाक एकेक झाड मागे सरकत होती. गार पाणी पोटाला लागलं तेव्हा कुठे भानावर आलो. एक चप्पल खाडीला देऊन परतलो.

नवा वनरक्षक हसला. "आजोबा, भृंगराज पक्षी तो! ऐकेल त्याची नक्कल करतो. मांजराची करतो, तर माणसाची का नाही?" पटलं. पण ती गेल्यापासून गप्प बसलेल्या पाखराला ती हाक आत्ताच कशी सुचली, असं मी विचारलं, तेव्हा तो चहा अर्धाच ठेवून गस्तीला निघाला.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. परवापासून झाडीत दुसरा आवाज आहे. म्हाताऱ्या माणसाचा, जरा फाटका. "ठमे, ये गं." हे तर मी कधी मोठ्याने म्हटलंच नाही, असं वाटलं. मग काल बांधावर स्वतःचं तोंड हलताना जाणवलं. कविता संपली की रोज पाण्याकडे बघत मी तेच म्हणत आलोय. इतकी वर्षं समजत होतो, मनातल्या मनात. तर तू ये. दिवसाउजेडी ये. मी दारात खुर्ची टाकून बसलेला असेन. झाडीतून हाक आली, तर ती माझी नाही. बांध सोडू नकोस. खुर्ची रिकामी दिसली, तरीसुद्धा.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा