हजेरीपटात मी घरी होते

१४ जानेवारी

नसलेलं बोट खाजतंय. डाव्या हाताचं, मधलं. आत्या म्हणाली, "खाजव मग." काय खाजवू? उशीवर, जिथं ते असायला हवं होतं तिथं, नखानं हळूच कुरवाळलं, आणि खरंच बरं वाटलं. हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून ही वही.

बारा दिवस झाले. तर्जनी आणि मधलं बोट छापखान्यातच राहिलं. अंगठा आहे, पण मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, आतली नस जोडायला आणखी एक ऑपरेशन लागेल, तेही दोन महिन्यांच्या आत. नाहीतर अंगठा कायमचा असाच ताठ. ऑपरेशन होणार नुकसानभरपाईतून आणि भरपाई मिळणार अर्जातून. अर्ज सकाळपासून टेबलावर पडलाय. मी समोरच्या गच्चीवरच्या चादरी बघतेय. वारा आला की त्या एकदम श्वास घेतात.

१६ जानेवारी

अर्ज चार पानांचा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आमच्याच छापखान्याचं नाव! म्हणजे हे कागद मीच कापलेत, हजारोंनी. चार वर्षं कटिंग मशीनवर उभी राहून गठ्ठ्यांच्या कडा सरळ केल्या, पण त्यावर लिहिलंय काय ते कधी वाचलं नाही. रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव विचारायचं राहून जातं, तसं.

हा गठ्ठा मात्र माझ्या हातचा नाही. उजवी कड तिरकी आहे. बारकीनं कापलेला असणार. बारकी म्हणजे माझ्याच मशीनवरची सकाळच्या पाळीची. अंगानं काडी म्हणून बारकी.

रकाना पाच, इजा झालेला अवयव. भरला. रकाना सहा, अपघाताच्या वेळी कामगार कामावर हजर होता काय. 'होय'वर खूण केली आणि पेन तसंच हातात राहिलं.

कागदोपत्री मी त्या दिवशी घरी होते.

१७ जानेवारी

नीट लिहून ठेवते, नाहीतर गोळ्यांच्या गुंगीत मलाच खरं वाटायचं नाही.

आमच्याकडे हजेरीचं कार्ड उसनं देतात. रोजंदारीवाल्यांना रजा नसते, तीन खाडे झाले की नाव कटतं. म्हणून एखादीला अडचण आली की दुसरी तिच्या कार्डावर उभी राहते. पुढं कधीतरी फेड होते. फोरमनला सगळं ठाऊक असतं. तो नेमका त्याच वेळी चहाला जातो.

दोन तारखेला मंगळवार, माझी सुटी. बारकीला आईला दवाखान्यात न्यायचं होतं. "उभी राहशील का गं माझ्या कार्डावर?" राहिले. साडेदहाला पातं खाली आलं तेव्हा माझा हात आत होता.

तर हजेरीपटात बारकी हजर, दहाही बोटांसकट. आणि मी घरी.

१९ जानेवारी

त्या घरी असलेल्या 'मी'चाच विचार चाललाय. मंगळवारी उशिरा उठली असेल. केस धुतले असतील. गच्चीत पाठीवर ऊन घेत दोन्ही हातांनी वेणी घालत बसली असेल. आत्याशी थोडी वादावादी, मग दुपारची झोप. तिला काही झालंच नाही.

दुपारी डोळा लागला की मी तिच्याकडे जाते. ती जरा सरकून जागा देते. विचारत काही नाही. तिच्या खोलीतही हेच ऊन असतं, फक्त थोडं जास्त पिवळं.

आत्या म्हणते, गोळ्या कमी कर.

२३ जानेवारी

अपघाताच्या खबरीवर छापखान्यानं कचेरीत दिलेल्या जबाबाची प्रत आली. "सदर कामगार त्या दिवशी कामावर नव्हती. मैत्रिणीस भेटावयास आली असता तिने विनापरवानगी यंत्रास हात लावला." खाली साक्षीदाराची सही. बारकीची. शेवटच्या अक्षराला शेपूट काढते ती, लगेच ओळखली.

विनापरवानगी! चार वर्षं त्या मशीनला तेल मी घातलं.

आत्या म्हणाली, "केसानं गळा कापला गं तिनं तुझा." मी म्हटलं, "तिरकाच कापला असेल." दोघी हसलो. मग मला रडू आलं ते थांबेचना. आत्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्या पोरीला एवढा जीव लावला होता मी.

२४ जानेवारी

भरपाईच्या कचेरीत. लांबलचक बाक, भिंतीला टेकून टेकून पडलेले डोक्यांचे तेलकट डाग. माझं डोकं बरोबर एका डागावर टेकलं. माझ्याच उंचीचं कुणीतरी इथं पुष्कळ बसलंय.

कारकूनबाई बऱ्या आहेत. बोटावर मोजून सांगितलं, "एक कागद तुमचा, एक मालकाचा, एक डॉक्टरांचा. तिघांचं जुळलं की प्रकरण पुढं जातं."

"आणि नाही जुळलं तर?"

"चौकशी लागते."

"तिला किती दिवस?"

बाईंनी मागच्या कपाटाकडे बघितलं. कपाटाचं दार फायलींमुळे लागतच नव्हतं. म्हणाल्या, "मशीनवर तुम्ही होतात, असं लिहून देणारं कुणी आहे का?"

आहे एक, म्हटलं. पण तिनं उलटंच लिहून दिलंय.

येताना डॉक्टरांचा दाखला घेतला. अपंगत्व चौदा टक्के. घरी येईपर्यंत विचार करत होते, चौदा टक्क्यांत काय काय गेलं असेल? वेणी गेली. दोरीची गाठ गेली. टाळी गेली का? वाजवून बघितली. वाजते, पण ओली.

२९ जानेवारी

सकाळी नऊला दारात बारकी! आत्या दार लोटूनच घेणार होती. पण ही तिच्या हाताखालून वाकून सरळ आत. माझ्याकडे बघितलं नाही, बँडेजकडे बघितलं. म्हणाली, "केस धुतले नाहीत वाटतं कुणी."

पाणी तापवलं. मला मोरीत पाटावर बसवलं आणि केस धुतले, कानामागचा साबणसुद्धा नीट काढला. तिला हाकलायला हवं होतं. पण कोमट पाणी मानेवरून उतरायला लागलं आणि मला चक्क पेंग आली.

जाताना म्हणाली, "पाळी बदललीय माझी. सकाळ मोकळी असते." मी म्हटलं, "बरं." तेवढंच सुचलं! आता बसलेय चरफडत.

१ फेब्रुवारी

आज विचारलंच. ती कांदे चिरत होती.

"सही का केलीस?"

"फोरमननं कागद पुढं केला. म्हणाला, कार्ड दिल्याचं कबूल करणार असशील तर आत्ताच घरी जा. आईची औषधं चालू आहेत गं."

"आणि माझा हात?"

ती नुसती चिरत राहिली. इतके कांदे चिरले की आत्यानं कपाळाला हात लावला.

मी तिला माफ केलेलं नाही. हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

६ फेब्रुवारी

वार विसरायला झालेत. नऊ वाजता जिन्यात चपला वाजतात, तेवढंच घड्याळ. साडेआठपासून कान तिकडे असतात, हे कबूल करायला लाज वाटते.

बारकी रकाने मोठ्यानं वाचते, मी भरते. म्हणाली, "खोडू नकोस. खोडलं की नवा कागद करून मागतात." हिला बरं माहीत!

काल स्वप्नात कारकूनबाईंच्या कपाटात झोपले होते, दोन फायलींच्या मध्ये. फार ऊब होती. बाहेर कुणीतरी माझं नाव पुकारत होतं आणि मला उत्तर द्यायची अजिबात घाई नव्हती.

१० फेब्रुवारी

अर्ज काल कचेरीत दिला. आज ठरवलं. बारकीच्या मागं लागायचं नाही. माझा हात गेला तो गेला, तिच्या पोटावर पाय कशाला? चौकशी व्हायची तेव्हा होईल. तोवर दोन महिने उलटून जातील, माहीत आहे. अंगठ्याची खुंटी तर खुंटी. पिशवी अडकवता येईल.

आत्या म्हणाली, "मोठी आलीस दानशूर." आणि दिवसभर भांडी आपटली.

बारकीला सांगितलं, "तू माझ्यासाठी काही लिहून देऊ नकोस." ती म्हणाली, "बरं." बास, एवढंच! मी एवढा अंगठा सोडला, हिनं निदान डोळे तरी ओले करायचे.

१५ फेब्रुवारी

कचेरीतून बोलावणं. बाई म्हणाल्या, "मंजूर झालं तुमचं. डॉक्टरांकडून तारीख घ्या."

मी तिथंच उभी. चौकशी? झाली म्हणे. कागद जुळले. कसे जुळले विचारायचं सुचलंच नाही, डोळ्यांसमोर नुसता अंगठा. मिटणारा, पेला धरणारा, बटण लावणारा. बाईंनी फायलीची नक्कल हातात दिली. "घरी नेऊन पान न् पान वाचा, मग पोच सही करून आणा. सगळे न वाचताच करतात."

पायी आले. रस्ता मऊ लागत होता. आत्यानं तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. नक्कल उद्या वाचीन. आज नुसतं पडून राहायचंय.

१६ फेब्रुवारी

पान अकरा. बारकीचं अक्षर. "त्या दिवशी मशीनवर मी नव्हते. ती होती, माझ्या कार्डावर. आधीची सही मी भीतीने केली." तारीख २५ जानेवारी.

पान बारा. छापखान्याचं पत्र. खोटी हजेरी लावल्याबद्दल तिला २७ जानेवारीपासून कामावरून काढलंय.

नऊला ती आली. विचारलं, "हल्ली पाळी कितीची गं तुझी?"

"दुपारची. सांगितलं ना," म्हणाली, आणि विळी घेऊन कांदे चिरायला बसली.