गुळातली गोळी

अकोला, दवाखान्यातून

आईले जयूचा नमस्कार.

फोनवर तू रडते अन् सांगायचं राहून जाते, म्हणून तुह्या रिकाम्या डब्यात ही चिठ्ठी घालून ज्ञानेश्वर मामाजवळ देऊन राह्यली.

बाबा बरे हायेत. लकव्याचं, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन काल टायमावर भेटलं, उजवा हात थोडा हालते. तू जेवली काय? गाईले चारा कोण टाकते?

आता घाबरू नको. नर्सबाई हो म्हणाली म्हणून बाबाले खाऊ घालाले तुवा धाडलेला गूळ फोडला, तं आत त्यायची रक्त पातळ करायची गोळी! माय, ती आज नाही चालत. इंजेक्शनावर लगेच ती पोटात गेली तं डोक्यात रक्तस्राव होऊ शकते. सांजच्याले डोक्याचा फोटो काढतील, तो चांगला निघाला तं डॉक्टरच चालू करतील.

तुले काय मालूम? बाबा गोळी थुकतात, म्हणून तू त्यायच्या नकळत गुळातच देत आली.

गोळीसकट तो गुळाचा खडा ओढणीले बांधताना बाबानं पाह्यलं. कालपासून पह्यल्यांदाच बोलले, वाकड्या तोंडानं, अडखळत: "मायले सांगू नको. मले पह्यल्या दिवसापासून मालूम हाय."

तुही,
जयमाला